स्मार्ट प्लग घेताय? आधी सॉकेटवरचा आकडा पाहा

मोबाइलवरून गीझर, दिवे, आकाशकंदील चालू-बंद करणारा हा छोटा डबा सोयीचा आहे. पण त्यावर काय लावायचे आणि काय नाही, हे आधी ठरवायला हवे.

कुलूप लावून स्टेशनपर्यंत पोहोचल्यावर ‘गीझर बंद केला होता का?’ हा प्रश्न कधीच पडला नाही, असे घर विरळाच. या प्रश्नावर बाजारात मिळणारे स्वस्त उत्तर म्हणजे स्मार्ट प्लग. त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही, वायरिंग बदलावे लागत नाही. बोर्डातल्या सॉकेटात हा प्लग खोचायचा, त्यात उपकरणाची पिन लावायची, मोबाइलवर अॅप घ्यायचे, झाले! मात्र, हे काम इतके सोपे असल्यानेच चुका होतात. चुकीच्या सॉकेटात लावलेला प्लग सोय तर करत नाहीच, उलट वितळू शकतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेऊ.

स्मार्ट प्लग म्हणजे नेमके काय?

या डब्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक वाय-फायशी जोडणारी चिप आणि दुसरी रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा लहानसा स्विच. मोबाइलवर बटण दाबले की इंटरनेटमार्गे संदेश चिपपर्यंत येतो आणि रिले ‘टक्’ आवाज करून वीज जोडतो किंवा तोडतो. काही प्लगमध्ये वीजवापर मोजण्याचीही सोय असते.

याचा अर्थ, हा प्लग फक्त वीज देतो किंवा तोडतो. त्यापुढचे काम उपकरणाचे. टेबल लॅम्प, साधा पंखा, साठवण गीझर यांसारख्या उपकरणांचे बटण चालूच ठेवता येते, त्यामुळे वीज मिळताच ती सुरू होतात. टच बटणांची इंडक्शन शेगडी मात्र वीज मिळाली तरी आपोआप तापत नाही आणि टीव्ही बहुधा रिमोटची वाट पाहत थांबतो. त्यामुळे खरेदीपूर्वी एक साधी चाचणी करा. उपकरण चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद करा आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करा. उपकरण आपोआप सुरू झाले, तरच ते स्मार्ट प्लगवरून चालू करता येईल.

६, १० की १६ अँपिअर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आपल्या घरांत दोन आकारांची सॉकेट असतात. बारीक पिनांचे ६ अँपिअरचे आणि जाड पिनांचे १६ अँपिअरचे, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. घरातली वीज २३० व्होल्टची धरली, तर ६ अँपिअरच्या सॉकेटाची मर्यादा १,३८० वॉट आणि १६ अँपिअरची ३,६८० वॉट होते.

आता उपकरणावरचा आकडा पाहा. १,००० वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज ओढते. २,००० वॉटचा साठवण गीझर पावणेनऊ, तर ३,००० वॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर. म्हणजे कोणताही गीझर लावायचा तर १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग हवा.

गोंधळ होतो तो १० अँपिअरच्या प्लगमुळे. त्याच्या खोक्यावर २,३०० वॉट लिहिलेले असते. ‘आपला गीझर तर दोन हजारांचा, चालेल की’ असे वाटते. पण असे अनेक प्लग बारीक पिनांचे असतात आणि ६ अँपिअरच्या सॉकेटात सहज बसतात. प्लग १० अँपिअर सोसेल. मागचे सॉकेट आणि त्याची वायर सोसेलच असे नाही. सॉकेट, वायर आणि प्लग यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची मर्यादा. जाड पिन बारीक सॉकेटात बसवणारे कन्व्हर्टर वापरून ही मर्यादा वाढत नाही. धोका मात्र वाढतो.

पहिल्या दिवशी उपकरण वीसेक मिनिटे चालवा. मग भिंतीवरचा स्विच बंद करून प्लगला हात लावून पाहा. किंचित कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, प्लास्टिक पिवळे पडले असेल, जळका वास येत असेल किंवा पिन सॉकेटात ढिली बसत असेल, तर वापर थांबवा आणि वायरमनला बोलवा. ढिल्या सॉकेटात ठिणग्या उडतात आणि तेथेच उष्णता वाढत जाते. खरेदी करताना बीआयएसची खूण आणि अँपिअरचा आकडा प्लगवरच छापलेला आहे ना, हेही पाहा.

कोणती उपकरणे लावू नयेत?

नियम एकच लक्षात ठेवा. दुरून बंद करायला सहसा हरकत नाही. पण जे डोळ्यांसमोर नाही ते दुरून चालू करताना दहा वेळा विचार करा.

- पाणी तापवण्याची रॉड, इस्त्री, खोली गरम करणारा हीटर. बादलीत पाणी नसताना रॉड सुरू झाली किंवा इस्त्री कपड्यावर पडलेली असताना तापली, तर आग लागायला वेळ लागत नाही.
- ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप यांसारखी वैद्यकीय उपकरणे. अॅपमधला एक चुकीचा स्पर्श जिवावर बेतू शकतो.
- फ्रिज. चुकून बंद झाला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर आतले सगळे खराब होते.
- एसी. चालू कॉम्प्रेसरची वीज अशी एकदम तोडणे योग्य नाही. एसी मोबाइलवरून चालवायचा असेल, तर रिमोटसारखे इन्फ्रारेड संदेश पाठवणारे वेगळे यंत्र मिळते, ते घ्यावे.
- पाण्याचा पंप. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे रिलेचे संपर्कबिंदू चिकटू शकतात. मग अॅपमध्ये ‘बंद’ दिसते आणि मोटार चालूच राहते.
- ई-स्कूटरचा चार्जर. तो तासन्‌तास चालतो. कंपनीने सांगितलेल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटातच तो थेट लावावा.
- घरातला वाय-फाय राउटर. मोबाइलवरून तो बंद केलात, तर पुन्हा चालू करण्याचा संदेश प्लगपर्यंत पोहोचणार कोणत्या वाटेने?

याउलट टेबल लॅम्प, डास पळवणारे मशिन, देवघरातली माळ, गॅलरीतला आकाशकंदील यांसाठी स्मार्ट प्लग छान चालतो. बहुतेक अॅपमध्ये सूर्यास्ताची वेळ निवडता येते. दिवेलागणीला कंदील लागेल आणि रात्री अकराला आपोआप विझेल. फक्त प्लग घरातच असू द्या. साधे स्मार्ट प्लग पाणी-पावसात टिकत नाहीत.

बसवायचा कसा?

१. प्लग सॉकेटात लावून भिंतीवरचा स्विच चालू करा. हा स्विच यापुढे कायम चालूच ठेवावा लागेल. घरात कोणी सवयीने तो बंद केला, की अॅपमध्ये प्लग ‘ऑफलाइन’ दिसतो. स्विचवर लहानशी चिठ्ठी चिकटवणे उत्तम.

२. कंपनीचे अॅप उतरवून खाते उघडा. जोडणीपुरती ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी द्यावी लागते.

३. प्लगवरचा दिवा भराभर लुकलुकत नसेल, तर त्यावरचे बटण पाचेक सेकंद दाबून धरा.

४. अॅपमध्ये घरच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड द्या. बहुतांश अडचणी येथेच येतात, कारण बहुतेक स्मार्ट प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय ओळखतात. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन्ही देतात, अनेकदा एकाच नावाने. जोडणी होत नसेल, तर राउटरमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा आणि प्लग त्यावर जोडा.

५. प्लगला सोपे, वेगळे नाव द्या. ‘प्लग १’, ‘प्लग २’ अशी नावे ठेवलीत, तर लॅम्पऐवजी गीझर सुरू होणारच. अलेक्सा किंवा गुगल होमला जोडल्यावर तर नाव स्पष्ट असणे फारच गरजेचे.

लाइट गेली, नेट गेले तर?

प्लगच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचे’ असा पर्याय अनेकदा असतो. चालू, बंद किंवा आधी होते तसे. उष्णता निर्माण करणाऱ्या प्रत्येक उपकरणासाठी येथे ‘बंद’ निवडा. दुपारी लाइट गेली, तुम्ही बाहेर पडलात आणि संध्याकाळी ती परतल्यावर रिकाम्या घरात गीझर सुरू झाला, असे व्हायला नको.

इंटरनेट बंद पडल्यावर काही प्लग ठरलेल्या वेळा स्वतः लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत. आपला प्लग कोणत्या प्रकारचा, हे पाहणे सोपे आहे. लॅम्प लावून पाच मिनिटांनंतरची वेळ ठरवा आणि राउटर बंद करा. वेळेवर लॅम्प बंद झाला, तर प्लग भरवशाचा. नाही झाला, तर त्याच्या वेळापत्रकावर गीझर सोपवू नका.

आणखी एक. स्मार्ट प्लगमधला रिले बहुधा एकच तार तोडतो. सॉकेटकडे तोंड करून पाहिले तर उजवीकडे फेज असायला हवी. पण वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर अॅपमध्ये ‘बंद’ दिसूनही उपकरणात वीज उरते. म्हणून दुरुस्ती किंवा सफाई करताना अॅपवर विसंबू नका. भिंतीवरचा स्विच बंद करून पिन बाहेर काढा. शॉक लागण्यापासून वाचवते ते चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी. स्मार्ट प्लग ते काम करत नाही.

बिल खरेच कमी होते का?

थोडेफार. स्वतः प्लगही अखंड वीज घेतो. तो एक वॉट धरला, तर महिन्याला पाऊण युनिटच्या आसपास होते. समजा, एखादे उपकरण नुसते तिष्ठत असताना पाच वॉट घेते आणि तुम्ही ते रोज २० तास पूर्ण बंद ठेवले. महिन्याला तीन युनिट वाचतील, प्लगचा वापर वजा जाता सव्वादोन. युनिटला दहा रुपये धरले, तरी बचत जेमतेम २३ रुपयांची. हजार रुपयांचा प्लग वसूल व्हायला साडेतीन वर्षे लागतील.

गीझरचा हिशेबही समजून घ्या. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागते; दोन हजार वॉटचा गीझर ते काम २०-२२ मिनिटांत करतो. मग थर्मोस्टॅट वीज तोडतो. म्हणजे विसरलेला साठवण गीझर दिवसभर पूर्ण ताकदीने चालत नाही. थंड होणारे पाणी अधूनमधून पुन्हा तापवतो. अंघोळीआधी अर्धा तास चालू आणि नंतर आपोआप बंद, असे वेळापत्रक लावले तर हा फेरा टळतो. खरी बचत तेवढीच.

एक गल्लतही दूर करू. महावितरण बसवत असलेला स्मार्ट मीटर वेगळा, स्मार्ट प्लग वेगळा. मीटर तुमचे बिल मोजतो, प्लग केवळ एका उपकरणावर लक्ष ठेवतो. मात्र, दोघांची सांगड घालता येते. टीओडी सुविधा असलेल्या स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना महावितरणने १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर दरसवलत सुरू केली आहे. जी कामे दिवसा उरकता येतात, ती प्लगच्या वेळापत्रकाने त्या वेळेत आणता येतील.

मोजणीची सोय असलेल्या प्लगचा खरा उपयोग मात्र शोध घेण्यासाठी. जुन्या फ्रिजवर १६ अँपिअरचा प्लग आठवडाभर लावून ठेवा, अॅपमधील बंद करण्याचे बटण कोणी दाबणार नाही याची काळजी घ्या आणि युनिट लिहून काढा. बिल कोण वाढवतेय, याचे उत्तर मिळेल. मग प्लग काढून घ्या.

कंपनीच बंद पडली तर?

अनेक स्मार्ट प्लग कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांची अॅप निकामी झाली. बेल्किन कंपनीनेही आपल्या ‘वीमो’ मालिकेतील बहुतेक उपकरणांची सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून थांबवत असल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणून शक्य असेल, तर ‘मॅटर’ हे चिन्ह असलेला प्लग घ्या. २०२२ मध्ये आलेल्या या सामायिक मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी घरातल्या घरात बोलू शकतात. अॅप अद्ययावत ठेवा, खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा आणि प्लग कोणाला देण्यापूर्वी तो रिसेट करून खात्यातून काढून टाका.

गावी असलेल्या आई-बाबांसाठी?

मुले पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील गावी, अशा घरांत हा प्लग उपयोगी पडतो. पहाटे बाथरूमपर्यंत जाऊन गीझर लावण्याचा त्यांचा त्रास वाचतो, अंगणातला दिवा वेळेवर लागतो. पण नियंत्रण दुरून एकट्या मुलाच्या हाती नको. अॅपमध्ये त्यांचाही मोबाइल जोडा, प्लगवरचे बटण हाताने कसे दाबायचे ते दाखवा आणि त्यांना न विचारता काहीही चालू करू नका. पलीकडे नळ दुरुस्त करायला प्लंबर आलेला असू शकतो, गीझर उघडून ठेवलेला असू शकतो. अॅपमध्ये त्यातले काहीच दिसत नाही. आधी फोन करा, मग बटण दाबा.