चेहरा ओळखीचा, माल कुणाचा?
१९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तिथे दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. पडद्यावरचा माणूस आपल्याला घरचा वाटतो आणि कंपन्या त्या आपलेपणाचेच पैसे मोजतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र कलाकारालाही जबाबदार धरले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. दाव्यांची आधी नीट खातरजमा केली असेल, तर दंडातून सुटका. मला हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे भाग पडते. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन केलेली शिफारसही जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा.