फुकटची जागा, पण पावती कुठे?

छंदाचे संकेतस्थळ काढू पाहणाऱ्यांसाठी

भाड्याच्या खोलीत दिवस काढलेल्या माणसाला भाडेपावतीचे मोल सांगावे लागत नाही. पावती हातात असली म्हणजे मालक उद्या "खोली खाली करा" म्हणाला तरी चार शब्द बोलता येतात. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेचे तसे नाही. तिथे भाडे नाही आणि म्हणून पावतीही नाही. घरातील मुलामुलींनी किंवा नोकरीतून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांनी आपल्या छंदाचे संकेतस्थळ काढायचे मनावर घेतले असेल, तर ही गोष्ट आधी समजून घेतलेली बरी. फुकट जागा घेऊच नये असे मुळीच म्हणावयाचे नाही. घ्यावी, पण कोणाची घेतो आहोत ते पाहून घ्यावी.

समजा, घरात काडेपेटीवरील चित्रे जमविणारे कोणी आहे. पंचवीस वर्षांत दोन हजार चित्रे जमली, ती वहीत चिकटविली, कोणती कुठल्या गावच्या बाजारात मिळाली ते शेजारी लिहून ठेविले. पावसाळ्यात एकदा छत गळले की ती वही गेली. हे सारे संकेतस्थळावर मांडले तर जगात कोठेही बसलेला दुसरा संग्राहक ते पाहू शकतो. हौस मोठी आहे, पण त्यासाठी दरमहा पैसे मोजण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि सुरुवातीला मोजण्याची गरजही नसते.

अशी फुकट जागा देण्याची रीत जुनी आहे. १९९४ साली अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी जो उद्योग सुरू केला, तो पुढे 'जिओसिटीज' नावाने जगभर गाजला. त्यात वस्त्या पाडलेल्या होत्या. सिनेमाची आवड असणाऱ्याने 'हॉलिवूड' वस्तीत घर बांधायचे, संगणकवाल्याने 'सिलिकॉन व्हॅली'त. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्यानंतर इकडच्याही हौशी मंडळींनी अशा वस्त्यांत आपापली पाने थाटली. १९९९ साली याहू कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरांच्या आसपास किंमत देऊन जिओसिटीज विकत घेतली. आणि दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, ती बंद करून टाकली. जपानमधील शाखा तेवढी ३१ मार्च २०१९ पर्यंत टिकली. लाखो लोकांची पाने त्या एका निर्णयाने गेली. काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून त्यातील बराच भाग उतरवून ठेवला म्हणून आज त्याचे अवशेष तरी पाहावयास मिळतात. लोकांनी काही गुन्हा केला नव्हता, नियम मोडला नव्हता. मालकाला धंदा परवडेना, एवढेच.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. हेरोकू या कंपनीने आपली फुकट सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबविली. '०००वेबहोस्ट' ही फुकट जागा देणारी सेवा २०२४ साली बंद झाली. ग्लिच नावाच्या सेवेने जुलै २०२५ मध्ये लोकांची संकेतस्थळे ठेवून घेणे बंद केले.

मग जागा देणाऱ्याला आपल्यापासून काय मिळते, हा पहिला प्रश्न विचारावा. पूर्वी ते जाहिरातीतून मिळे. तुमच्या पानावर त्यांची जाहिरात, आणि तुम्हाला फुकट जागा. ट्रायपॉड नावाची अशीच एक सेवा होती. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर झळकली आणि ती कंपनी चिडली. तेव्हा तिथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात पानावर न दाखविता वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती काढली. वाचता वाचता मध्येच उडी मारून येणाऱ्या त्या जाहिरातींनी जगाला किती छळले ते आपण जाणतोच. २०१४ साली झुकरमन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली! आजही वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट जागेत तुमच्या पानावर कंपनीच्या जाहिराती येतात, आणि त्या कोणत्या याव्यात हे तुमच्या हाती नसते.

आता थोडे तांत्रिक, पण अवघड नाही. संकेतस्थळे दोन प्रकारची. खानावळीत काही ठिकाणी ताट आधीच वाढून ठेवलेले असते; आलात, उचललेत, जेवलात. दुसरीकडे तुम्ही सांगितल्यावर चूल पेटते. पहिल्या प्रकाराला स्थिर पाने म्हणतात. ती एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहून ठेवलेली असतात आणि मागणाऱ्याला जशीच्या तशी दिली जातात. दुसऱ्या प्रकारात पीएचपीसारखा कार्यक्रम दर वेळी पान नव्याने तयार करतो आणि त्याला माहितीचा साठा लागतो. चूल पेटवायची म्हणजे मालकाला खर्च आला. वाढलेले ताट देणे स्वस्त पडते, म्हणूनच स्थिर पानांना फुकट जागा देणारे अजून टिकून आहेत. काडेपेट्यांची चित्रे, पक्ष्यांच्या नोंदी, जुनी नाणी, आजीच्या पाककृती, यांतल्या कशालाच चुलीची गरज नाही. स्थिर पानेच करावीत असे माझे स्पष्ट मत आहे. पीएचपी चालवू देणाऱ्या इन्फिनिटीफ्रीसारख्या सेवाही आहेत, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्थिर पानांसाठी तीन ठिकाणे सांगतो. हौशी माणसासाठी पहिले 'निओसिटीज'. जुन्या जिओसिटीजची आठवण ठेवून काईल ड्रेक यांनी ते २०१३ साली सुरू केले. हे लिहिताना तिथे १ जीबी जागा आणि महिन्याला २०० जीबी वाहतूक फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि पान तिथल्या तिथे ब्राउझरमध्येच लिहिता येते. ज्यांना जास्त हवे ते महिना ५ डॉलर देतात आणि त्यावर बाकीच्यांचे चालते. म्हणजे मालक पैसे कोठून मिळवितो ते उघड दिसते. मला ही गोष्ट आवडते.

दुसरे 'गिटहब पेजेस'. २००८ पासून चालू आहे, मागे मायक्रोसॉफ्टसारखी बडी कंपनी उभी आहे. तिथेही १ जीबीची मर्यादा. शिकणाऱ्या मुलांना याचा पुढे नोकरीतही उपयोग होतो, कारण संगणकाच्या क्षेत्रात गिटहब सगळेच वापरतात. मात्र एक सावधगिरी हवी. फुकट खात्यात तुमच्या साऱ्या फाइली जगाला उघड्या असतात, आणि एखादी फाइल पुसली तरी तिची जुनी प्रत इतिहासात शिल्लक राहते. तेव्हा तिथे काही चढविण्याआधी दोनदा पाहावे. तिसरे 'क्लाउडफ्लेअर पेजेस'. वाहतुकीवर मर्यादा नाही, पण एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. चित्रांना हे भरपूर झाले, चित्रफितींना पुरणार नाही.

गुगल साइट्सही फुकट आहे आणि खुणांची भाषा न शिकता पान मांडता येते. घाई असेल त्याने ते जरूर वापरावे. परंतु तिथे मांडलेले पान तसेच्या तसे उचलून दुसऱ्याच्या जागेत बसविता येत नाही. आपण स्वतः लिहिलेली एचटीएमएल फाइल मात्र कोठेही नेली तरी चालते. जागा सोडावी लागली तर सामान उचलता आले पाहिजे ना!

१ जीबी म्हणजे किती, असे विचाराल. मोबाइलने काढलेला फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर अडीचशे फोटोंत जागा संपते. पण तोच फोटो लहान करून २०० केबीवर आणला तर पाच हजार मावतात. एक सोपी युक्ती आहे. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने स्वतःलाच पाठवावा आणि तो उतरवून घ्यावा. तो लहान होऊन येतो आणि फोटो कुठे काढला त्याची जी नोंद मोबाइल गुपचूप आत ठेवतो, तीही त्यातून निघून जाते. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घरात बसून काढलेल्या फोटोतून घराचा ठावठिकाणा जगाला कळू नये. वाहतुकीचे म्हणाल तर एका पाहुण्याने वीस फोटो पाहिले तर ४ एमबी झाले. २०० जीबीत असे पन्नास हजार पाहुणे महिन्याला येऊन जातील. आपल्या काडेपेट्यांना एवढी गर्दी व्हायची नाही, तेव्हा काळजी नको.

आता फसगतीच्या जागा. फुकट खाते उघडताना कार्डाचा नंबर मागितला तर तिथून उठावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफाय या कंपनीच्या फुकट खात्यावरील एका साध्या संकेतस्थळाला एक लाख चार हजार डॉलरांच्या वर बिल आले. कोणीतरी त्यावरील एका गाण्याची फाइल मुद्दाम पुन्हा पुन्हा उतरवून वाहतूक फुगविली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी ते बिल माफ केले. पण आपल्यासारख्याच्या घरी असा कागद आला तर त्या रात्री कोणाला झोप लागेल?

फुकट नावाचाही मोह नको. टोकेलाऊ नावाच्या चिमुकल्या बेटांचे 'डॉट टीके' हे नाव फ्रीनॉम कंपनी फुकट वाटत असे. जानेवारी २०२३ पासून तिने नवी नावे देणे थांबविले आणि २०२४ साली तो धंदाच सोडला. नाव हवेच असेल तर पैसे देऊन घ्यावे, आणि पहिल्या वर्षाची किंमत पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडते ते आधी विचारावे. स्वतःचे नाव असले की जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो, हा त्याचा खरा फायदा. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' अशी नावेही मिळतात. तूर्त जागेवाल्याने दिलेले नाव चालवून घ्यायला काहीच हरकत नाही.

पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा असू द्या. वर सांगितलेल्या ०००वेबहोस्टमधून २०१५ साली सुमारे १ कोटी ३५ लाख खातेदारांची माहिती चोरीला गेली आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत ठेवलेले निघाले. ज्यांनी तोच पासवर्ड ई-मेललाही ठेवला होता त्यांची पंचाईत झाली. संकेतस्थळाचे खाते कोणत्या ई-मेलवर उघडले ते घरात आणखी एकाला ठाऊक असावे, आणि कपाटातल्या वहीत लिहिलेले असावे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडे. पूर्वी प्रत्येकाचा मराठी फॉन्ट निराळा होता. त्या काळची पाने आज उघडली तर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. आज युनिकोडमध्येच लिहावे आणि पानाच्या डोक्यावर 'यूटीएफ-८' ही खूण न विसरता द्यावी. मजकूर मराठीत, पण फाइलींची नावे मात्र इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवावीत. मराठी नाव दिले तर दुव्यात भलीमोठी चिन्हांची माळ तयार होते.

सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी नातेवाइकाच्या घरी ठेवावी. पान तयार झाले की 'आर्काइव्ह डॉट ओआरजी' या ठिकाणी जाऊन 'वेबॅक मशीन' उघडावे आणि पान जतन करण्याच्या चौकटीत आपला पत्ता टाकावा. थोड्या वेळात त्या पानाची त्या तारखेची नक्कल तिथे ठेवली जाते. दर पानाला हे वेगळे करावे लागते. या कामाला खाते उघडावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.