रडतंय, रडतोय, रडतेय

बाळ पाळण्यात असतं तोवर मराठी त्याला नपुंसकलिंगात ठेवते. बाळ रडतं, बाळ झोपतं. बारसं होऊन नाव पडलं की घरातल्यांच्या तोंडी ‘रडतोय’ किंवा ‘रडतेय’ येऊ लागतं. माझ्या मुलात आणि मुलीत साडेतीन वर्षांचं अंतर. दोघांच्या बोलण्याच्या नोंदी मी लहानपणी ठेवल्या होत्या. त्या वह्या अलीकडे पुन्हा चाळल्या. मुलगा हूड, मुलगी समंजस, हे ‘उपजतच’ असतं असं घरोघरी म्हणतात. हे म्हणणाऱ्याने नेमकं काय पाहिलेलं असतं?

जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. डबीतून टुणकन उडी मारणारा बाहुला पाहून रडणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळाची चित्रफीत त्यांनी दोनशेहून अधिक जणांना दाखवली. बाळ तेच, काहींना तो मुलगा आहे असं सांगितलं, काहींना मुलगी. मुलगा समजणाऱ्यांना त्या रडण्यात राग अधिक दिसला, मुलगी समजणाऱ्यांना भीती. २००० साली मोंडशाइन, अॅडॉल्फ आणि टॅमिस-लेमोंडा यांनी अकरा महिन्यांच्या रांगत्या मुलांच्या आयांना विचारलं, तुमचं मूल किती उतार उतरेल? मुलग्यांच्या आयांचा अंदाज चढा निघाला, मुलींच्या आयांचा कमी. प्रत्यक्ष उतरताना मुलगे-मुलींत फरक आढळला नाही.

फरक मुळीच नसतो असं मात्र नाही. मुलगे सरासरीने जास्त हालचाल करतात, हे इटन आणि एन्स यांनी १९८६ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. पण सरासरी म्हणजे शेजारची चिंगी नव्हे. ती कित्येक मुलग्यांना दमवते.

आपल्या भाषेची गंमत वेगळी. ‘मी भात खाल्ला’, ‘मी जाईन’ यांत बोलणारा कोण ते कळत नाही. ‘मी जातो’, ‘मी जाते’ म्हटलं की लगेच कळतं. बंगाली किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला क्रियापदातून ही ओळख द्यावी लागत नाही. माझी मुलगी दादाचं ऐकून अडीच वर्षांची होईपर्यंत ‘मी जातो’ म्हणे. ‘जातो नाही गं, जाते म्हण’, असं घरात चौघांनी तिला टोकल्याच्या नोंदी आहेत. कोल्हापूरकडे कुणी टोकलं नसतं, तिथे बायकाही सर्रास ‘मी जातो’ म्हणतात. लाडात मात्र उलटं. तिला ‘काय रे राजा’ म्हटल्याच्या नोंदी पानोपानी; त्याला ‘काय गं राणी’ एकदाही नाही.

आणि एक नोंद आजीच्या वाक्याची: ‘मुलीसारखा काय रडतोस?’ मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. बहीण अजून जन्मायची होती; घरात रडणारं मूल तो एकटाच.