भट्टीपासून कार्यालयापर्यंत

छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले आणि त्यानंतर जुन्या रायपुर शहराजवळ नवा रायपुर ही नियोजित राजधानी आकारास आली. मंत्रालय, संचालनालये आणि रुंद रस्ते यांच्या या नगरात, 2010 साली स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचेही आवार आहे. उत्तम व्यवस्थापक कोणास म्हणावे, हा प्रश्न तेथे वर्गात चर्चिला जातो. तेथून पश्चिमेस सुमारे 50 किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. तेथे हाच प्रश्न 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून अहोरात्र उभा आहे, आणि त्याचे उत्तर चुकल्यास माणसे दगावतात.

झोतभट्टीचे कार्य थोडक्यात असे. वरून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर घातले जातात. खालून तांब्याच्या, पाण्याने थंड ठेवलेल्या नळकांड्यांतून तापलेली हवा आत सोडली जाते. तळाशी लोहरस साचतो आणि दर काही तासांनी तो बाहेर काढला जातो. ही भट्टी मनास येईल तेव्हा बंद करता येत नाही. ती दीर्घकाळ थंडावली, तर पोटातील लोह गोठते आणि ती पुन्हा चालू करण्यास मोठा काळ व खर्च लागतो. म्हणून तेथे ‘थोडे थांबा’ हे शब्द कोणासही प्रिय नसतात.

भट्टी बिघडू लागल्याची पहिली चिन्हे मात्र लहान असतात. हवेच्या नळकांड्यास एक झरोका असतो; निळ्या काचेतून त्यात डोकावणाऱ्यास आतील तेज मंदावलेले दिसते, किंवा एखादा काळा गोळा समोरून सरकतो. थंड करणाऱ्या पाण्याची धार एके ठिकाणी बारीक झालेली असते. नियंत्रण कक्षात आज असंख्य मापकयंत्रे आहेत, हे खरे. तरी गळती, कंप, नेहमीपेक्षा वेगळा आवाज यांची जाणीव बहुधा तेथे उभ्या असलेल्या माणसास प्रथम होते, आणि तो माणूस हुद्द्याने सर्वांत खालचा असतो.

त्याने पाहिलेली गोष्ट आता जिना चढू लागते. कामगार म्हणतो, ‘हे ठीक दिसत नाही.’ पाळीप्रमुख म्हणतो, ‘किंचित अडचण आहे.’ विभागप्रमुखाच्या तोंडी तिचे ‘परिस्थिती आटोक्यात आहे’ असे रूप होते आणि वरच्या मजल्यावरील अहवालात तिला जागाच उरत नाही. यांपैकी कोणीही धडधडीत खोटे बोललेला नसतो. प्रत्येकाने आपल्या वरिष्ठाचा चेहरा आठवून एकेक शब्द सौम्य केलेला असतो, एवढेच. त्यामुळे व्यवस्थापकाची पारख करावयाची तर वाईट वार्ता त्याच्यापर्यंत किती लवकर आणि किती मूळ रूपात पोहोचते, हे पाहावे. त्याचे वक्तृत्व, नियोजन, शिस्त हे सारे गुण त्यानंतरचे होत.

लहान कारखान्यात हा जिना नसतोच. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा ओतशाळा, हिशेब आणि राहती घरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले, ही गोष्ट महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते. ज्याच्यावर असा विश्वास टाकला जातो, त्यास धन्याजवळ अप्रिय गोष्ट बोलण्याचे भय उरत नाही. परंतु भिलाईसारख्या कारखान्यात हजारो माणसे आणि हुद्द्यांची लांब उतरंड असते. तेथे केवळ सद्भाव पुरत नाही. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने 1911 मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाचा सिद्धान्त मांडला. विचार कार्यालयाने करावा आणि कृती कामगाराने, ही त्यातील वाटणी उत्पादनास पुष्कळ उपकारक ठरली. झरोक्यातून पाहणाऱ्याचे मत मात्र तिने निरुपयोगी ठरविले.

भट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या पंपगृहात असा वायू पसरून सहा जण मृत्यू पावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. संकटाच्या जागी अधिकारी स्वतः उपस्थित होते, याचा उल्लेख केलाच पाहिजे. जागेवर जाणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य होय. परंतु केवळ धैर्याने विषारी वायू कळत नाही, त्यासाठी त्याची सूचना आधी मिळावी लागते. पुढे 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक भट्ट्यांच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असता स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली.

कंत्राटी कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. कायम नोकर निदान वरिष्ठाची नाराजी पत्करू शकतो. कंत्राटी मजुरास उद्याचे कामच मुकादमाच्या हाती असते. मग गळणाऱ्या नळाविषयी तो कशास बोलेल? कारखान्यास खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींत 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली अशा मजुरांनी संघटना उभारली. काम नसलेल्या दिवसांचे वेतन आणि पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी पैसे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या आरंभी तेथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि 11 माणसे मारली गेली. त्या घटनेस अनेक कारणे होती व सर्व दोष एखाद्या खाण-अधिकाऱ्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरीही झोपडीच्या छपराचा प्रश्न बंदुकीपर्यंत जातो, तेव्हा मधल्या किती पायऱ्यांवर तो अनुत्तरित राहिला असेल, याचा विचार प्रत्येक व्यवस्थापकाने करावा. संघटनेकडे पुष्कळ अधिकारी केवळ उपद्रव म्हणून पाहतात. वस्तुतः जिन्यावर अडलेली वार्ता वर नेणारा तो दुसरा मार्ग असतो, आणि जो अधिकारी तो बुजवितो, तो स्वतःचेच कान बंद करतो.

हा मार्ग हेतुपूर्वक मोकळा केल्याचे एक उदाहरण अमेरिकेतील ॲल्युमिनियम उद्योगात सापडते. पॉल ओनील हे 1987 मध्ये अल्कोआ या कंपनीचे प्रमुख झाले. भागधारकांसमोरच्या आपल्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय मांडला. कोणासही दुखापत झाल्यास ती 24 तासांच्या आत, पुन्हा न घडण्याच्या उपायासह, त्यांना कळविणे विभागप्रमुखांवर बंधनकारक झाले. कामगारांना त्यांनी आपल्या घरच्या दूरध्वनीचा क्रमांकही दिला. दुखापतीमुळे कामाचा दिवस बुडण्याचे प्रमाण त्यांच्या कारकीर्दीत दर शंभर कामगारांमागे 1.86 वरून 0.2 पर्यंत खाली आले.

तथापि नियम करून जिना नाहीसा होत नाही. 1996 च्या वार्षिक सभेत एका ख्रिस्ती जोगिणीने उठून सांगितले, की मेक्सिकोतील कंपनीच्या कारखान्यात वायूने कामगारांना बाधा होत आहे. ओनील यांना यातील काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी चौकशी केली, तेव्हा तक्रार खरी निघाली. संबंधित अधिकाऱ्यास घटना माहीत होती, आणि त्याने ती वर कळविली नव्हती. तो अधिकारी यशस्वी होता, त्याचा विभाग भरभराटीत होता. ओनील यांनी त्यास कामावरून दूर केले, ते वायू गळला यासाठी नव्हे, तर ती गोष्ट लपविली यासाठी. वार्ता आणणाऱ्यास शिक्षा व्हावयाची की ती दडविणाऱ्यास, हे त्या दिवशी कंपनीतील प्रत्येक मुकादमास समजले.

भारतातील पोलाद कारखान्यांत पाळी बदलताना जाणारा पाळीप्रमुख येणाऱ्याकडे नोंदवही सुपूर्द करतो. तिच्यात भट्टीचा दाब, उष्णतामान, लोहरस काढल्याची वेळ लिहिलेली असते. चांगला विभागप्रमुख सकाळी प्रथम ती वही उघडतो आणि रात्रपाळीच्या रकान्यात सलग बरेच दिवस ‘सर्व ठीक’ हेच शब्द आढळले, तर चहा तसाच ठेवून भट्टीकडे चालू लागतो.