दर्या की दऱ्या? फॉन्ट, पापणीचा र आणि हिब्रूचे टिंब

नेवाशातून बोलतोय. हेडफोन विसरलेल्यांसाठी आजचा भाग लिहून देतोय.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' म्हटलं तर स्वयंपाकी! फरक एवढाच, की रफार द्यायचा की तो पापणीसारखा अर्धा र.

१२९० साली इथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. हाताने लिहिताना खूण जिथे ठेवू तिथेच राहते. फोन मात्र चित्र साठवत नाही, अक्षरांचे नंबर साठवतो. जोडायचं काम फॉन्ट आणि हार्फबझसारखं सॉफ्टवेअर करतं.

गंमत म्हणजे 'दऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर आणि य. स्क्रीनवर दोन्ही सेम. पण सर्चमध्ये एक टाकलं की दुसरं सापडेलच असं नाही. आणि एखाद्या ॲपने 'साफसफाई' करताना ते अदृश्य अक्षर उडवलं, तर दऱ्यांचा दर्या होतो. स्पेलचेक गप्प, कारण तोही शब्द बरोबरच!

हिब्रूवाल्यांचं दुखणं याहून अवघड. तिथे ओळीत मुख्यतः व्यंजनं. स्वर म्हणजे खाली-वर टिंबं आणि रेघा, त्यांना निकुद म्हणतात. रोजच्या लिखाणात ते गाळतात, धर्मग्रंथात आणि मुलांच्या पुस्तकांत लागतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायली मराठी बोलणारे, प्रार्थना हिब्रूत. त्यांच्यासाठी १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा शिळाछापावर निघाली. दगडावर हातानेच लिहायचं, म्हणजे फॉन्टची कटकटच नाही.

कॉम्प्युटरवर मात्र प्रत्येक अक्षराखाली टिंब कुठे बसवायचं हे फॉन्टमध्ये आधीच नोंदवावं लागतं. नसेल तर टिंब सरकतं, शेजारच्या अक्षराला चिकटतं.

फॉन्ट चांगला असूनही एक घोळ उरतो. बायबलमधल्या 'जेरुसलेम'मध्ये लामेद अक्षराखाली दोन स्वर येतात, आधी पताह, मग हिरिक. युनिकोडने स्वरांना क्रमांक दिलेत, हिरिक १४, पताह १७. मजकूर नॉर्मलाइझ केला की क्रमांकाप्रमाणे रांग लागते आणि हिरिक पुढे घुसतो. हे क्रमांक आता बदलता येत नाहीत, कारण जुना मजकूर बिघडू नये म्हणून युनिकोडने तसं वचन दिलंय. मग दोघांच्या मध्ये एक अदृश्य अक्षर बसवून रांग अडवतात. जुगाडच, पण चालतो.

कोड लिहिणाऱ्यांनो, सर्चआधी र-हलन्त-जॉइनरचं ऱ-हलन्त करून घ्या, आणि जॉइनर उडवायचा तो त्यानंतरच.