खिशातला पहारेकरी

दहावीचा निकाल लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात घरोघर खरेदी निघते. आधी क्लासची फी भरायची, मग स्कूटी घ्यायची (पेट्रोलच्या स्कूटीचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे), आणि त्यामागोमाग मोबाइल. अलीकडे या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे आणि मौज अशी की तिला बहुधा पैसेही पडत नाहीत. आईबापांच्या मोबाइलवर एक ॲप उतरवून घ्यायचे, मुलाच्या मोबाइलशी त्याची गाठ मारून द्यायची, की काम झाले. मग चिरंजीव या घटकेला कोठे आहेत, मोबाइलकडे किती वेळ पाहत बसले, कोणते नवे ॲप मागत आहेत, हे सारे सोफ्यावर बसल्या बसल्या कळते. नकाशावर एक ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे आपले अपत्य.

गूगलने असले ॲप २०१७ साली काढले, त्याचे नाव फॅमिली लिंक. ॲपलने २०१८ साली आपल्या आयफोनमध्ये स्क्रीन टाइम नावाची सोय आणली. रात्री ठरलेल्या वेळी मुलाचा मोबाइल आपोआप बंद करणे, खेळाला रोज अमुक इतकीच मिनिटे देणे, ही कामे त्यांच्याकडून बिनबोभाट होतात. या ॲपमधून मुलांचे संदेश मात्र वाचता येत नाहीत. तेव्हा ज्यांची तहान एवढ्याने भागत नाही, ते पुढची पायरी चढतात. मूल झोपले असता त्याचा मोबाइल उशाखालून काढून घेऊन त्याचे व्हॉट्सॲप आपल्या संगणकाशी जोडून ठेवतात. त्याच्याही पुढे निव्वळ हेरगिरीसाठी विकली जाणारी ॲप आहेत. अमेरिकेत टीनसेफ नावाचे असेच एक ॲप होते. मुलांच्या सुरक्षिततेची हमी देऊन ते आईबापांना विकले जात असे. २०१८ सालच्या मे महिन्यात असे उघडकीस आले की त्यांच्याकडची हजारो खात्यांची माहिती, मुलांच्या खात्यांच्या पासवर्डसकट, इंटरनेटवर कोणालाही दिसेल अशी उघडी पडली होती. राखणदारालाच किल्ल्या सांभाळता आल्या नाहीत.

आईबापांची थट्टा करणे सोपे आहे, आणि कॉलेजातली मुले ती भरपूर करतात. पण त्यांच्या जागी बसून पाहिले म्हणजे हसू आवरते. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची मुले बारावीसाठी, नीटसाठी येथे खोल्या घेऊन राहतात. कापसाचे आलेले पैसे फीमध्ये गेलेले असतात. क्लास सुटायला रात्रीचे नऊ वाजतात. जालना रोडवरची त्या वेळची वाहने ज्याने पाहिली आहेत, त्याला मुलगी खोलीवर पोहोचली की नाही हे कळावेसे वाटले, तर त्यात काय नवल? माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे नव्वदीच्या दशकात, आईबाप आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या एसटीडीतून येणाऱ्या फोनची वाट पाहत आणि बाकीचे सहा दिवस देवावर हवाला ठेवत. ते अधिक समंजस होते असे नव्हे, त्यांना दुसरा इलाजच नव्हता. आणि पाळत तेव्हाही होतीच. ज्या वसतिगृहात मी राहिले, तेथे मुलींची पत्रे रेक्टरबाई फोडून वाचत आणि वर मोठ्या मनाने गोंदाने पुन्हा चिकटवून देत.

हल्लीची मुले त्या गोंदाची परतफेड करीत आहेत. माझ्या वर्गात अकरावी-बारावीची मुले-मुली असतात. बाईंना मराठीशिवाय काही कळत नाही अशी त्यांची समजूत असल्यामुळे माझ्यासमोर ती मोकळेपणाने बोलतात. त्यांच्याकडून मिळालेली माहिती अशी. ठिपका मोबाइलचा असतो, माणसाचा नसतो. तेव्हा मोबाइल अभ्यासिकेत ठेवायचा आणि आपण बाहेर पडायचे. एका संध्याकाळी एका अभ्यासिकेच्या एकाच टेबलावर पाच मोबाइल मन लावून अभ्यास करीत होते आणि त्यांचे पाच धनी औरंगपुऱ्यात पाणीपुरी खात होते. राखणीला सहावा मुलगा बसवलेला होता. त्याच्या वाट्याची शेवपुरी पुडक्यातून आली. काहींजवळ दुसरा, जुना मोबाइल असतो. तो दप्तराच्या तळाशी, कंपासपेटीत. एक मुलगा तर रोज सहा ते आठ अशा रीतीने अभ्यासिकेत 'बसत' होता आणि प्रत्यक्षात एकांकिकेच्या तालमीला जात होता. नाटकाने मुले वाया जातात असे त्याच्या वडिलांचे मत. पोरगे काम उत्तम करते. वडिलांना ते ठाऊक नाही. ठिपका त्यांना हे सांगू शकत नाही आणि मुलगा सांगणार नाही.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दांशी खेळत बसण्याची खोड असते, ती वाचकांनी सोसून घ्यावी. आपल्या मराठीत लक्ष देणे आणि लक्ष ठेवणे असे दोन निरनिराळे प्रयोग आहेत. दुधाच्या पातेल्यावर आपण लक्ष ठेवतो, वाळत घातलेल्या कुरडयांवर ठेवतो, संशयिताघरी पोलीस ठेवतात. बोलणाऱ्याकडे मात्र आपण लक्ष देतो. ठेवलेले लक्ष ज्याच्यावर ठेवले त्याला कळले नाही तरी चालते, किंबहुना कळू नये अशीच बहुधा इच्छा असते. दिलेले लक्ष समोरच्याला पोहोचावे लागते. ॲपला पहिले काम फार चांगले जमते. दुसरे त्याला येत नाही आणि ते त्याचे कामही नव्हे. घोटाळा होतो तो पहिले झाले म्हणजे दुसरेही झाले असे घरात धरून चालतात तेव्हा.

एकट्या खबरीवर घर चालवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग ज्याने केला, त्या बापाची कबर आमच्या शहरापासून फार लांब नाही, खुलताबादेस आहे. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा १६३८ साली दौलताबादेत जन्मली. धाकटा अकबर १६५७ साली औरंगाबादेत जन्मला आणि त्याच बाळंतपणाने त्यांची आई दिलरास बानू गेली. बीबी का मकबरा तिचाच. बापाकडे वाकेनवीस होते आणि खुफियानवीस होते. शाहजाद्यांच्या छावण्यांतून बातमीपत्रे अखंड येत असत. १६८१ साली अकबराने बंड केले. ते फसले आणि त्याच्या छावणीत बहिणीने लिहिलेली पत्रे सापडली, तेव्हा बादशहाने तिला दिल्लीच्या सलीमगडात घातले. ती शेवटपर्यंत कैदेतच राहिली. अकबर पळून छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि पुढे इराणात जाऊन तिकडेच वारला. मुअज्जम या मुलाला १६८७ साली गोवळकोंड्याशी पत्रव्यवहार केल्याच्या संशयावरून कैद झाली, ती काही वर्षे टिकली. तुमच्या-आमच्या घरी तख्त नाही, तेव्हा तुलना ताणलेली आहे हे मान्य. पण बातमीची या घरात कधीच वाण नव्हती. वाण दुसऱ्याच गोष्टीची होती.

आता जे सांगणार आहे ते गेल्या वर्षीचे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी गाळले आहेत. बारावीची मुलगी, गाव लांबचे, येथे मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. एका संध्याकाळी तास संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही घरी सांगणार नाही ना?" कोणा अनोळखी मुलाने तिच्या साध्या फोटोवरून भलतेच फोटो तयार केले होते आणि पैसे दे, नाहीतर सर्वांना पाठवतो, असे तो रोज धमकावत होता. अठरा दिवस हे चालले होते. तिने मेसचे पैसे दोनदा त्याला देऊन टाकले होते. घरी का सांगितले नाही, असे विचारले तेव्हा उत्तर तयार होते. "मोबाइल काढून घेतील, आणि मला गावी नेतील. मग संपलंच."

आम्ही दोघी सायबर पोलीस ठाण्यात गेलो. (असल्या वेळी पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक आहे आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८. हे दोन आकडे घरातल्या मुलांना पाठ असावेत.) पुढचे काम पोलिसांनी नीट केले. पण वडिलांना बोलवावे लागलेच. ते एसटीने आले, स्टाफरूममध्ये टोपी हातात घेऊन बसले. रागावतील अशी माझी कल्पना होती, पण ते रागावले नाहीत. त्यांना कळतच नव्हते. अठरा दिवस त्यांनी रोज रात्री मोबाइल उघडून पाहिला होता. क्लास, मेस, खोली, क्लास, मेस, खोली. ठिपका एकदाही वाकडा गेला नव्हता. "रोज बघत होतो ना मी," ते मला म्हणाले, आणि मग मुलीला, "मला का नाही सांगितलं बाई तू?"

ती बराच वेळ खाली पाहत होती. मग म्हणाली, "अप्पा, आधी तुम्ही रोज फोन करायचे. जेवली का, म्हणायचे. आता करीत नाहीत. मेसमध्ये गेलेली दिसते तुम्हाला."

त्यावर कोणीच काही बोलले नाही. शिपाई चहा घेऊन आला, तो तसाच निवला. ती मुलगी परीक्षेला बसली, पास झाली. वडील आता रोज रात्री फोन करतात असे तिच्या मैत्रिणीने मला सांगितले. ॲप आहे की काढले, ते मी विचारले नाही.

कायद्याचे या बाबतीतले म्हणणे गमतीचे आहे. आपल्या २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. अशा मुलाच्या वागण्यावर कंपन्यांनी पाळत ठेवू नये, त्याला हेरून जाहिराती दाखवू नयेत असे त्यात म्हटले आहे आणि मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. गल्लीतल्या एखाद्या पोराने मुलीच्या इंटरनेटवरच्या हालचालींवर पाळत ठेवली, तर २०१३ पासून तो फौजदारी गुन्हा आहे. म्हणजे कंपनीला मनाई आहे, पोराला शिक्षा आहे, आणि आईबापांपुढे कायदा नमस्कार करून बाजूला उभा राहतो. ते योग्यच आहे. पोलीस स्वयंपाकघरात यावेत असे कोणाला वाटेल? पण त्यामुळे विचार करण्याचे काम आपल्यावर येऊन पडते. काल रात्री दहाला ज्याचा मोबाइल बाहेरून कुलूपबंद होत होता, तोच मुलगा आज अठराचा होऊन मतदार म्हणून नाव नोंदवतो, परगावी शिकायला जातो. रात्री दहाला मोबाइल आपल्या हाताने खाली ठेवण्याची सवय त्याने कधी लावून घ्यावी?

मला स्वतःला बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मोबाइलला वेळेची मर्यादा असण्यात काही गैर वाटत नाही. चोरून व्हॉट्सॲप जोडणे मात्र मला पत्र फोडण्यासारखेच वाटते, मग ते आईने जोडो की रेक्टरबाईंनी. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी काय करायचे ते त्याला समोर बसवूनच ठरवावे लागेल. त्यात वेळ जातो, आवाज चढतात, एखादे दार आपटले जाते. ॲपची सारी गोडी हा त्रास वाचतो यातच आहे.

घाटीच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एक परिचारिका आमच्या गारखेड्यातल्या शेजारी आहेत. घरात त्या आणि बारावीतला मुलगा. रात्रपाळीत मुलगा एकटा राहतो म्हणून त्यांनी ॲप घ्यायचे ठरवले, तेव्हा पोराने अट घातली. माझा ठिपका तुला दिसणार असेल तर तुझा मला दिसला पाहिजे. बाईंनी हसत कबूल केले. आता सकाळी पाळी संपवून त्या निघतात तेव्हा हा आईचा ठिपका पाहत अभ्यास करतो. भडकल गेट, मग क्रांती चौक. ठिपका गजानन महाराज मंदिराशी आला की हा गॅस पेटवून चहाचे आधण ठेवतो. श्रावणात एकदा ठिपका क्रांती चौकाशी थांबला तो वीस मिनिटे हलेना. मुलाने घाबरून फोन केला, "आई, तिथे काय करतेस?"

"तुला काय करायचंय?" बाई एकदम डाफरल्या. त्या मेथीच्या जुड्या निवडत होत्या.

घरी येईपर्यंत आपला तो सूर त्यांच्या कानात राहिला, असे त्या मला म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी मुलाच्या मोबाइलचे रात्री दहाचे कुलूप काढून टाकले. ठिपके दोन्ही ठेवले. पोरगा हल्ली साडेअकरापर्यंत जागतो, ही त्यांची तक्रार अजून आहे, आणि तो रोज ती ऐकून घेतो.