चित्र खरे, पण जामीन कोण?

लेखमाला : पाहणारे जग (लेखांक ६)

वर्तमानपत्राच्या पानाच्या अगदी तळाशी, चष्मा असूनही डोळे बारीक करावे लागतील अशा टायपात एक ओळ असते. मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, संपादक कोण, छापले कुठे. ‘लोकसत्ता’च्या मुंबई आवृत्तीतल्या या ओळीत नवी मुंबईतले महापे येते : टीटीसी औद्योगिक वसाहत, भूखंड ईएल-२०८. ही ओळ कुणी हौसेने छापत नाही. मुद्रक आणि छपाईचे ठिकाण छापणे १८६७च्या कायद्याने सक्तीचे केले. इंग्रज सरकारला त्यात वाचकाची काळजी होती अशातला भाग नाही. नको ते छापले गेले तर कुणाच्या दारात शिपाई पाठवायचा, एवढेच त्याला ठाऊक हवे होते. तो कायदा जाऊन मार्च २०२४पासून नवा कायदा लागू झाला, ओळ अजून छापली जाते. त्याच महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. युद्ध, क्रिकेट, पक्षी, अवकाशयाने यांचे जे व्हिडिओ आपण दिवसभर पाहतो, ते अशाच इमारतींतल्या यंत्रांवरून आपल्यापर्यंत येतात. त्यांच्या तळाशी मात्र तशी ओळ नसते. व्हिडिओ खरा की खोटा हे आपण चित्राकडे निरखून ठरवू पाहतो आणि तिथेच फसतो, असे माझे म्हणणे आहे. निरखायचे ते त्याच्यामागे कोण उभे आहे, हे.

खेळापासून सुरुवात करू. २०२२च्या आयपीएलचे २० साखळी सामने महापेपासून जवळच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. स्पर्धा संपली आणि तीनेक आठवड्यांत गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावच्या शेतात दुसरीच ‘आयपीएल’ सुरू झाली. शेतमजूर आणि बेकार पोरे मिळून २१ जण, सामन्यामागे ४०० रुपये मजुरी, अंगात चेन्नई, मुंबई, गुजरातच्या जर्सी. खांबांवर हॅलोजन, समोर पाच कॅमेरे, प्रेक्षकांचा गलका इंटरनेटवरून उतरवून घेतलेला, आणि हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल करणारा समालोचक. यूट्यूबवरचे हे सामने पाहून रशियातले लोक पैसे लावत होते. पुढच्या चेंडूवर काय व्हायचे ते पंचाला वॉकीटॉकीवरून कळे, आणि पंच ते फलंदाज-गोलंदाजाला सांगे. आता यातले चित्र खोटे होते का? बॅट खरी, चेंडू खरा, घाम तर नक्कीच खरा. कॅमेऱ्यासमोर जे घडत होते तेच पडद्यावर दिसत होते. प्रत्येक फ्रेम तपासून पाहिली असती तरी ती अस्सलच निघाली असती. खोटे होते ते चित्राबाहेरचे : नाव, गलका आणि आधीच ठरलेला खेळ.

आता याच्या नेमके उलटे उदाहरण. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक होते. त्यांनी काय पाहिले? नियंत्रण कक्षातली माणसे, आणि संगणकावर रेखाटलेले एक लँडर. यान उतरतानाची चंद्रभूमीची खरी दृश्ये त्यातल्या कॅमेऱ्याने टिपली होती, पण ती इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केली. म्हणजे त्या क्षणी पडद्यावर उतरणारे यान सरळसरळ कार्टून होते. तरीही ते खरे होते, कारण शेजारचे उंचीचे आणि वेगाचे आकडे यानाकडून येत होते आणि इस्रो त्यांना जबाबदार होती. यान आदळले असते तर तेही त्याच पडद्यावर, त्याच नावाखाली दिसले असते. २०१९मध्ये चांद्रयान-२च्या ‘विक्रम’ लँडरशी संपर्क तुटला तेव्हा ते इस्रोच्या अध्यक्षांना सांगावेच लागले होते. मोलीपूरची अस्सल चित्रे खोटी आणि बंगळुरूचे कार्टून खरे, हा उलटा हिशोब नुसते चित्र पाहून लागत नाही.

निसर्गाच्या व्हिडिओंत फसवणूक याहून सौम्य असते आणि म्हणूनच ती पचते. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवरचा रोहित पक्ष्यांचा गुलाबी गालिचा जगभर पाहिला गेला. पक्षी खरे, जागा खरी, तारीखही खरी. ‘माणूस घरात बसला आणि रोहित परतले’ हे वाक्य मात्र चित्रात कुठेच नव्हते, ते कुणीतरी वरून चिकटवले होते. रोहित पक्षी दरवर्षी हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जातात. त्या वर्षी त्यांची संख्या वाढलेली होती हे ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’नेही (बीएनएचएस) सांगितले, पण त्याचे एक मोठे कारण दोन वर्षांपूर्वी चांगली झालेली वीण हे होते. टाळेबंदी तर मार्चअखेरीची. पण वीण, पिल्ले आणि दोन वर्षे ही गोष्ट अर्ध्या मिनिटात बसत नाही.

या सगळ्याला ‘करमणूक आहे, चालायचेच’ म्हणणाऱ्यांनी १ जुलै २०१८ आठवावा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले. मंगळवेढ्याकडची ही भिक्षेकरी माणसे होती. त्या काळात देशभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या, आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक असा होता : मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यात खेळणारे मूल उचलतात आणि पळतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेची. तिच्यात ते दोघे परत येतात, मूल सोडतात आणि फलक दाखवतात : कराचीत मूल पळवायला क्षणही पुरतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तुकड्यातून नेमका हा शेवट कापलेला होता. चित्राला कुणी हात लावला नव्हता. कुठे, कुणी, कशासाठी हे सांगणारा भाग तेवढा काढून टाकला होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ओळ असलेलेही खोटे बोलतात. मे २०२०मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस पोलिसांचे पहिले निवेदन त्यांच्याच कारवाईत झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला वैद्यकीय घटना म्हणत होते. खरे जगाला कळले ते डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या मुलीने रस्त्यावर उभे राहून केलेल्या चित्रणामुळे. मान्य. लेटरहेड म्हणजे सत्य, असे मीही म्हणत नाही. पण त्या मुलीने काय केले तेही पाहा : तिने तो व्हिडिओ स्वतःच्या नावाने फेसबुकवर टाकला आणि पुढे न्यायालयात उभी राहून साक्ष दिली. निनावी राहण्याची सगळी कारणे असताना ती जामीन राहिली, म्हणून ते चित्र पुरावा ठरले. वर्तमानपत्रातही चुकीचे छापून येते, पण तिथे खुलासा मागायला आणि खटला भरायला पत्ता असतो. लाखो लोकांनी पाहिले, हा पत्ता होऊ शकत नाही. यूट्यूबने २०१२पासून शिफारशी ठरवताना नुसत्या क्लिकपेक्षा लोक किती वेळ पाहतात याला महत्त्व दिले. त्यावरून माणूस खिळला होता एवढेच कळते.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो : अशी ओळ मागणे म्हणजे पाळतीला आमंत्रण. हा बागुलबुवा नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना, आदेश आल्यास, मजकूर पहिल्यांदा पाठवणाऱ्याची ओळख देता आली पाहिजे असे बंधन घातले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १८६७चा हेतू पाहता अशा नियमाकडे संशयाने बघणेच शहाणपणाचे. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मावशीने भाचीला पाठवलेला संदेश खासगी आहे, त्याला ओळ नको. जगाला दाखवण्यासाठी वाहिनी उघडून, त्यावर जाहिराती घेऊन मांडलेला व्हिडिओ हे प्रकाशन आहे. त्याचे नाव, तारीख आणि ठिकाण चित्राबरोबरच जायला हवे, पुढे कुणी उतरवून घेतले तरी गळून पडू नये असे. आज ते वर्णनाच्या चौकटीत असते आणि पहिल्याच फॉरवर्डमध्ये मागे राहते. कॅमेऱ्यापासूनच ही माहिती फाइलमध्ये शिवून टाकण्याची तंत्रे निघाली आहेत. ती किती टिकतात आणि ती काढून टाकणे किती सोपे आहे, हे पुढच्या लेखांकात पाहू.